उत्तराकडून निघालेले गणित

काळ्या अमेरिकेची कविता आपण वाचली. तिथल्या ब्लॅक पँथरवरून 1972 साली आपल्याकडे दलित पँथर उभी राहिली. पण त्यांचे गणित आपण वाचले नाही. पुलगावच्या आमच्या वस्तीत संध्याकाळी मुलींना गणित शिकवताना ही उणीव मला टोचते.

कॅथरीन जॉन्सन यांचा जन्म 1918 चा, वेस्ट व्हर्जिनियातला. त्या भागात काळ्या मुलांना आठवीपुढे शाळा नव्हती; आईबापांनी शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवले. 1953 साली त्या लँग्लीच्या संशोधन केंद्रात आकडेमोडीच्या कामावर लागल्या. काळ्या स्त्रियांचा कक्ष तिथे वेगळा होता. (वेगळे बसणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.)

यानाची पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे 88 मिनिटांची. तेवढ्या वेळात खालची पृथ्वी 22 अंश फिरून गेलेली असते. मग यान नेमके उतरणार कुठे? जॉन्सनबाई उलट्या निघाल्या. उतरण्याची जागा आधी धरायची आणि मागे येत उड्डाणाची दिशा काढायची. सहकाऱ्यासोबतचा हा प्रबंध 1960 साली निघाला, त्यांच्या नावासकट. त्या विभागात लेखक म्हणून स्त्रीचे नाव छापले गेले ते प्रथमच. 1962 साली जॉन ग्लेन यानात बसण्यापूर्वी म्हणाला, यंत्राचे आकडे त्या बाईकडून तपासून घ्या. त्यांनी ते हाताने तपासले. मगच तो उडाला.

हे फळ्यावर काढले तेव्हा आठवीतली एक पोर म्हणाली, "सर, मंग उत्तर आधी धरलं त चालते काय?"

चालते, म्हटले. तिने वहीचे नवे पान उघडले.