हॅचरीतली खाडी

गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, म्हणजे बाजारातली स्कॅम्पी, वाढते नदीत, पण तिची पिल्लं निव्वळ गोड्या पाण्यात तगत नाहीत. १९६१मध्ये मलेशियातल्या पेनांगला शाओ-वेन लिंग यांनी हे ओळखलं आणि मग हवाईत ताकुजी फुजिमुरा यांनी पिल्लं मोठ्या प्रमाणावर वाढवण्याची पद्धत बसवली. आजची हॅचरी त्यातूनच उभी राहिली. टाक्या, हवेचे पंप आणि हजारी बाराच्या आसपास क्षार असलेलं मचूळ पाणी, असा तिचा सारा पसारा. थोडक्यात, हॅचरी म्हणजे खाडीची नक्कल. म्हणूनच तिच्याकडे नदीला पर्याय म्हणून बघणं मला चुकीचं वाटतं.

हॅचरीत मादी निवडताना आधी अंड्यांचा रंग बघतात. कात टाकून मऊ पडलेल्या मादीशी नर समागम करतो आणि तिचं कवच कडक होईपर्यंत तिला राखतो. दिवसभरात ती अंडी घालते, पोटाखालच्या पायांना चिकटवते आणि ते पाय हलवत सुमारे तीन आठवडे त्यांना ताजं पाणी देत राहते. मोठी मादी लाखभर अंडीही वागवते. ती आधी भडक नारिंगी असतात. आत डोळे दिसू लागले की राखाडी होतात, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं सुटतात. नदीतली मादी तोवर प्रवाहाबरोबर खाडीकडे उतरलेली असते. पिल्लं पाठ खाली, शेपटी पुढे अशी पोहतात. अकरा अवस्था ओलांडून त्यांना कोळंबीचं रूप आलं की ती तळाशी बसतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात.

याच प्रजातीतल्या काही लहान जाती मोजकी, मोठी अंडी घालून सारं ओढ्यातच उरकतात, हे खरं. पण लाखभर बारीक अंड्यांवर विसंबलेल्या या कोळंबीला ती सोय नाही. तिचा अडथळा केरळात वेंबनाडला स्पष्ट दिसतो. कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कमचा बंधारा झाला. त्याचे दरवाजे साधारण डिसेंबरात बंद होतात, म्हणजे पावसाळ्यानंतर खाली उतरलेल्या माद्यांची पिल्लं वर परतायची वेळ येते, तेव्हाच.

भात महत्त्वाचा आहे, कोळंबीचं बी तर हॅचरीत मिळतं, असं म्हणणाऱ्यांचं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. बी मात्र वर सोडलं तर पीक येतं, वंश चालत नाही, कारण त्या माद्यांनाही पुन्हा खाडीच गाठायची असते. शिवाय त्याच त्या माद्यांपासून बी काढत गेलं तर वाढ खुंटते. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने सुधारित वाण काढला, तोही गुजरात, केरळ आणि ओडिशातल्या कोळंबीच्या संकरातून. बंधारा पाडायची गरज नाही. पण दरवाज्यांचं वेळापत्रक ठरवताना भाताच्या पेरणीइतकंच पिल्लांच्या परतीकडेही बघायला हवं.