पंचवीस किलोची पाटी

पालघरच्या मासळी बाजारात एक मावशी पाटी उचलत होत्या. साठी कधीच ओलांडलेली. कंबरेत न वाकता त्या उकिडव्या बसल्या, डोक्यावरची चुंबळ सारखी केली, शेजारणीने हात लावला आणि पाठ ताठ ठेवून त्या उठल्या. वजन विचारलं तर म्हणाल्या, ‘पंचवीस किलो. बर्फ धरला तर जास्तच.’ याच वयाच्या माझ्या ओळखीतल्या बायका न्हाणीघरात घसरतात आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळतात. पंचवीस किलो हा आकडा डोक्यातून जाईना, म्हणून मी सातपाटीला त्यांच्याकडे गेले.

बंदरावर बोटी लागतात, मासळी निवडली जाते, टेम्पो भरून निघतात. मी रमले ती बोंबील सुकवण्याच्या जागी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. खाली वाकायचं, मूठभर बोंबील उचलायचे, हात डोक्याच्या वर न्यायचे, एक पाऊल पुढे सरकायचं. मावशींचे हात बोलता बोलता चालूच होते. अकराचं ऊन पाठीवर, पायांखाली वाळू आणि कपड्यांत मुरणारा तो उग्र वास. मधूनच म्हणाल्या, ‘पाटी कंबरेने नाय उचलायची बाय, पायांनी उचलायची.’

पायांनी उचललेला भार शेवटी हाडांवर येतो. हाड जिवंत असतं, सतत झिजतं आणि नव्याने भरलं जातं. त्यावर भार पडला की आतल्या पेशींना तो ताण कळतो आणि जिथे ताण जास्त, तिथे भरणा जास्त होतो. भारानुसार हाड घडतं, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी 1892मध्ये मांडलं. उलट बाजू अंतराळवीरांमध्ये दिसते. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन घटतं आणि पुढची काही वर्षं झीज फार वेगाने होते. त्या काळात भार आणि आहार दोन्ही लागतात.

म्हणून पंचवीस किलो डोक्यावर घेणं हा व्यायाम आहे, असं मी म्हणणार नाही. मावशींची मान डावीकडे पूर्ण वळत नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर ओझं वाहिलं की मानेचे मणके झिजतात. त्यांची चाल, उठबस आणि ऊन हाडांच्या कामी आलं असेल. पाटीने मात्र मानेकडून भरपूर वसुली केली आहे.

त्यांची सून बोईसरला, तारापूर एमआयडीसीत पॅकिंगला जाते. आठ तास एका जागी, कधी रात्रपाळी. रात्रपाळी संपवून आली की दिवसा पडदा ओढून झोपते. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला ऊन थेट अंगावर पडावं लागतं. काचेतून आलेलं चालत नाही. हे जीवनसत्त्व पुरेसं नसेल तर खाल्लेल्या कॅल्शियमपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के अंगी लागतं. सुनेच्या डब्यात भात-डाळ आणि मधल्या सुट्टीला चहा-बिस्किट. ‘टाच दुखते, कंबर दुखते,’ ती म्हणाली. तिच्या अंगावर पंचवीस किलोचं ओझं नाही, तरी मला काळजी तिचीच जास्त वाटली.

आयसीएमआरने 2020मध्ये प्रौढांसाठी दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे असतं, तांदळात नगण्य. याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नाचणी, म्हणजे नागली, पिकते, पण किनाऱ्यावर भाकरी तांदळाची. ती कसर इथे सुकट भरून काढते, कारण जवळा सालासकट खाल्ला जातो आणि बोंबलाचा मऊ काटाही पोटात जातो. बोंबील मिठाशिवाय सुकतात, हेही बरं. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम अधिक जातं.

मावशींची नात आठवीत आहे. हाडांची बहुतेक जमवाजमव विशीच्या आतच होते, म्हणजे तिची आताची ही चार-पाच वर्षं मोलाची. मावशी तिला पाटीला हात लावू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. तिला दोरीवरच्या उड्या हव्यात, खो-खो हवा, मैदानावरचं ऊन हवं. पण परीक्षा जवळ आली की तिच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला दिला जातो. त्याबद्दल शाळेत जाऊन बोलायचं सुनेने ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात तिची कामावर दुसरी पाळी आहे, सकाळ मोकळी मिळेल.