क्रॅक सॉफ्टवेअर, घरचा लॅपटॉप आणि तुमचा पीएचडीचा डेटा

पीएचडीच्या तयारीत असलेली मुलं-मुली मला बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात. विषय कसा निवडायचा, गाईड कसे शोधायचे, नेट आणि पेटसाठी काय वाचायचं. घरच्या कॉम्प्युटरबद्दल कुणी विचारत नाही. पण पुढची पाच-सहा वर्षं तुमची निरीक्षणं, प्रबंधाची प्रकरणं, लोकांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज आणि विद्यापीठाच्या सर्व्हरचा पासवर्ड हे सगळं त्याच एका मशीनवर असणार आहे, ज्यावर धाकटा भाऊ गेम खेळतो आणि बाबा लाईट बिल भरतात. म्हणून आज याच विषयावर लिहिते आहे.

आधी एक घडलेली गोष्ट. २०२१ मध्ये सोफोस या सायबर सुरक्षा कंपनीने युरोपातल्या एका जैवरेणू संशोधन संस्थेवरच्या हल्ल्याचा तपशील प्रसिद्ध केला. संस्थेचं नाव दिलेलं नाही. तिथे आसपासच्या विद्यापीठांतले विद्यार्थी काम करायचे आणि त्यांना स्वतःच्या लॅपटॉपवरून संस्थेच्या नेटवर्कवर लॉगिन करायची मुभा होती. त्यांतल्या एकाला आलेख-चित्रं काढायचं एक महागडं सॉफ्टवेअर घरी हवं होतं. लायसन परवडेना, म्हणून त्याने क्रॅक केलेली फाईल शोधली. फाईल उघडताच विंडोज डिफेंडरने धोक्याची सूचना दिली. त्याने डिफेंडर बंद केला, फायरवॉलही बंद केली आणि पुन्हा इन्स्टॉल केलं.

ती फाईल म्हणजे माहिती चोरणारा प्रोग्रॅम होता. कीबोर्डवर काय टाईप होतंय, ब्राउझरमध्ये काय साठवलंय, सगळं तो गोळा करत होता. त्यात संस्थेचा लॉगिनही गेला. १३ दिवसांनी त्याच विद्यार्थ्याच्या नावाने कुणीतरी संस्थेच्या नेटवर्कमध्ये शिरलं, आणि आणखी १० दिवसांनी तिथे ‘र्‍यूक’ नावाचं रॅन्समवेअर सुरू झालं. फाईली कुलूपबंद. बॅकअप होता, पण अगदी ताजा नव्हता, त्यामुळे आठवडाभराचा संशोधनाचा डेटा गेलाच. शिवाय कॉम्प्युटर आणि सर्व्हर पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागले.

आता त्या विद्यार्थ्याला नावं ठेवण्याआधी आपल्या हॉस्टेलात पाहा. ‘अँटीव्हायरस बंद कर, मग इन्स्टॉल होतं’ हा सल्ला आपल्याकडे सीनियरकडून ज्युनियरकडे पेन ड्राईव्हसकट पोचतो! क्रॅक करणारा माणूस इतके कष्ट फुकटात का घेतो, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. अँटीव्हायरस बंद करायला सांगणारी प्रत्येक सूचना ही धोक्याचीच खूण समजा.

पैशांची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. फेलोशिप वेळेवर येत नाही आणि लायसनचे दर डॉलरमध्ये असतात. पण आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात किंवा कॉम्प्युटर सेंटरमध्ये विचारा. कॅम्पस लायसन असतं आणि निम्म्या विद्यार्थ्यांना ते माहीतच नसतं. शिवाय आकडेवारी आणि आलेखांसाठी आर किंवा पायथन, सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमांसाठी इमेजजे, नकाशांसाठी क्यूजीआयएस, आकृत्यांसाठी इंकस्केप, संदर्भांसाठी झोटेरो हे सगळं अधिकृतपणे मोफत मिळतं. शिकायला पंधरा-वीस दिवस जातात, हे खरं. पण आज क्रॅकवर केलेलं विश्लेषण पेपरच्या ‘पद्धती’ विभागात कसं लिहिणार, हाही विचार करा.

त्या गोष्टीतला दुसरा धडा पासवर्डचा. एकदा असा प्रोग्रॅम मशीनमध्ये आला की ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पहिल्यांदा जातात. त्यासाठी बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससीसारखं वेगळं साधन वापरा. आणि ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी आजच सुरू करा. त्या संस्थेच्या लॉगिनला ती नव्हती, म्हणून चोरलेला एक पासवर्ड पुरला. ईमेल आधी म्हणते, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच ईमेलवरून बदलता येतात.

घरात मशीन एकच असेल तर प्रत्येकासाठी वेगळं खातं करा, आणि रोजच्या वापराचं खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं ठेवू नका. तुमचं स्वतःचंसुद्धा. काही इन्स्टॉल करताना पासवर्ड विचारला की वैताग येतो, पण तेवढीच एक घटका थांबून विचार होतो. विंडोज ओळखीच्या फाईलींची शेपटी लपवते, ती दाखवायची सेटिंग सुरू करा. म्हणजे ‘शोधनिबंध.पीडीएफ’ वाटणारी फाईल प्रत्यक्षात ‘पीडीएफ.ईएक्सई’ आहे हे डोळ्यांना दिसेल.

अपडेट पुढे ढकलू नका, एवढंच सांगते. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. मधले दोन महिने ‘नंतर आठवण करा’ दाबणाऱ्यांचे होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. जुना लॅपटॉप विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट टाकून बघा, आर आणि पायथन त्यावर मजेत चालतात.

आता बॅकअप. ‘माझं सगळं ड्राईव्हवर आहे’ हे उत्तर मी रोज ऐकते. पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवरची फाईल खराब झाली किंवा कुलूपबंद झाली, तर तीच खराब फाईल इमानदारीने वर चढते. चुकून उडवलेली फाईल गुगल ड्राईव्हच्या कचरापेटीत ३० दिवसच राहते, आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण नाहीसं झालंय हे आपल्याला चार महिन्यांनी कळतं. पीटर क्रोग या छायाचित्रकारामुळे लोकप्रिय झालेला ३-२-१ नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. विद्यार्थ्याच्या भाषेत: लॅपटॉप, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आणि क्लाऊड. हार्ड डिस्क दर रविवारी जोडा, कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. सतत जोडून ठेवली तर रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवली तर चोर दोन्ही एकदम नेतो.

झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत नेण्यासाठी वेगळा, रिकामा पेन ड्राईव्ह ठेवा आणि त्यात फक्त पीडीएफ टाका. बॅकअपचा ड्राईव्ह तिथे कधीच नेऊ नका. शॉर्टकट व्हायरस अजून जिवंत आहे.

आणि बॅकअप उघडून बघा. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरचा सुमारे ७७ टेराबाईट डेटा पुसला गेला. त्यामागे हल्लेखोर नव्हता, बॅकअपच्याच प्रोग्रॅममधली गडबड होती. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मित्राच्या मशीनवर बॅकअपमधली कुठलीही पाच फाईली उघडून पाहायच्या.

सामाजिक शास्त्रं किंवा आरोग्याच्या विषयात काम करणार असाल तर आणखी एक. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे डेटाचं कुलूप नव्हे. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की सगळं वाचता येतं. तुम्ही संमतीपत्रावर ‘माहिती गोपनीय राहील’ असं लिहून देता, तो शब्द पाळायचा तर डिस्क एन्क्रिप्ट हवी. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होममध्ये बऱ्याच मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळतं, मॅकवर फाईलव्हॉल्ट. त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. ती हरवली तर तुमचाच डेटा तुम्हालाही उघडता येणार नाही.