चित्रांतली माणसे आणि कलादालनाची पायरी

सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांचे ‘वॉकिंग थ्रू सोल सिटी’ हे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात भरले. ते सुखासुखी भरले नव्हते. संग्रहालयाची बहुतेक जागा यापुढे कलावंतांच्या प्रदर्शनांना मिळणार नाही, या धोरणावर त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्‌घाटनप्रसंगी अमोल पालेकर बोलू लागले, तेव्हा त्यांना भाषणात वारंवार अडविण्यात आले. पालेकरांच्या त्या तक्रारीत पटवर्धनांच्या नियोजित प्रदर्शनाचाही उल्लेख होता. पुढे ते भरले, ही समाधानाची बाब. परंतु सरकारी भिंतीवर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला असे नव्हे.

पटवर्धन यांचा जन्म १९४९ मधला, शिक्षण पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातले. कलाशाळेची पदवी नाही. १९७५ पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि उरलेल्या वेळात चित्रे काढली. दिवसभर माणसांच्या शरीराच्या आत पाहणाऱ्या या डॉक्टराने कॅनव्हासवर मात्र शरीराचे बाह्य वजन रंगविले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०) या चित्रांतली माणसे दमलेली आहेत, केविलवाणी नाहीत. डाव्या विचारांचा संस्कार त्यांमागे आहे. पण घोषणा नाही, मुठी आवळलेल्या नाहीत.

हा संयम सहजसाध्य नसतो. श्रमिकांविषयी मध्यमवर्गीय कलावंताने चित्र काढायचे म्हणजे एक तर त्याला वीरपुरुष करायचे, नाही तर दयेचा विषय. तिसरी वाट अरुंद. पटवर्धनांच्या आरंभीच्या आकृतींत वीरत्वाचा थोडा अंश आहेच. पुढे ती एकटी आकृती मागे सरते आणि शहरच विषय होते. ‘लोअर परळ’ (२००१) हे चित्र त्या दृष्टीने महत्त्वाचे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले, याची आकडेवारी अनेकांनी दिली. त्या मोडण्याचा भूगोल येथे दिसतो. अनेक दिशांनी एकाच वेळी पाहिल्यासारखी या नगरचित्रांची रचना आहे. काही समीक्षकांना ती थंड वाटते. तो आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. पण गर्दीत राहणारा माणूस शहर असेच तुकड्यातुकड्यांनी पाहतो.

उपनगरी गाडीने रोज येणारा कारकून या चित्रांत वारंवार भेटतो. कलादालनात तो क्वचितच दिसतो. पटवर्धनांना ही विसंगती उमगली होती, असे त्यांच्या एका कृतीवरून दिसते: २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृतींचे ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन त्यांनी महाराष्ट्रातल्या शहरांत नेले. कलावंताने जे स्वतःच्या वेळात केले, ते शाळांनाही अशक्य नाही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात शालेय सहली नेहमी येतात. शेजारीच जहांगीर कलादालन आहे, तेथे प्रवेशशुल्कही नाही, आणि तरी मुलांच्या रांगा त्याच्या दारावरून तशाच पुढे बसकडे जातात.