खिडकीला स्वस्त पडदा

पडदा घ्यायचा म्हटले की आपण आधी रंग पाहतो. पण पश्चिमेच्या खिडकीपाशी म्हातारे माणूस किंवा बाळंतीण निजत असेल, तर आधी ऊन पाहावे. आत लावलेला पडदा तापला की ती ऊब खोलीतच राहते. म्हणून आडोसा बाहेरून हवा. बांबूचा चिक महाग वाटला तर तागाचे गोणपाट उसवून (प्लास्टिकचे नव्हे हं!) छपराच्या वाशाला बांधा, खिडकीपासून वीतभर दूर, म्हणजे मधून वारा खेळेल. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यावर पाणी शिंपडले की खोली गार होते. कोकणात तो खटाटोप फारसा उपयोगी नाही. दमट हवेत पाणी लवकर सुकतच नाही. आत आडपडद्यापुरती जुनी सुती साडी पुरे. चुलीजवळच्या खिडकीला मात्र कापड नकोच.