डोंगल लावलाय कुठे?

मंडळी, गेल्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी एक बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. ऐकायला कमी येतं, म्हणून नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलायला ब्लूटूथ हेडफोन घेतलेला. जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ कुठलं असायला? म्हणून डोंगल आणला, तर आवाज तुटायला लागला. दुसरा आणला, तेच. दुकानदार म्हणाला, आता कॉम्प्युटरच बदला! मी एवढंच विचारलं, डोंगल लावलाय कुठे? तर कॅबिनेटच्या मागे, निळ्या पोर्टमध्ये, आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क.

इथेच सगळी गोम आहे बघा. ब्लूटूथ चालतं 2402 ते 2480 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. वाय-फाय, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे याच गल्लीत. त्या गर्दीतून वाट काढायला हेडफोनचं ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलतं. एक वाहिनी अडली, तर दुसरी. पण निळा पोर्ट म्हणजे सहसा यूएसबी 3.0. त्याचा वेग सेकंदाला 5 गिगाबिट, आणि त्या धावपळीत केबल आणि जोडणीतून जो रेडिओ-गोंगाट बाहेर पडतो तो अख्ख्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलनेच 2012 मध्ये हे मोजून दाखवलं होतं. आता गोंगाट सगळीकडेच असेल तर उडी मारून जाणार कुठे? त्यात डोंगलची ताकद बहुतेक वेळा जेमतेम 2.5 मिलीवॅट. मध्ये कॅबिनेटचा पत्रा. आपलं शरीरही आडवं येतं, कारण त्यातलं पाणी या लहरी शोषून घेतं.

उपाय स्वस्त आहे. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या, ती यूएसबी 2.0 च्या पोर्टमध्ये लावा आणि डोंगल टेबलावर, समोर दिसेल असा ठेवा. बस्स.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट. आतलं ब्लूटूथ असताना वर डोंगल लावला, तर विंडोज गोंधळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आतलं आधी बंद करा.

परवा बाईंचा फोन आला. आवाज तुटत नाही, पण नातू फोनच्या डबड्यातून बोलल्यासारखा वाटतो! हा मात्र डोंगलचा दोष नव्हे. हेडफोनचा माइक चालू झाला की आवाज दोन्हीकडून न्यावा लागतो, मग त्याचा दर्जा उतरतो. त्यांना म्हटलं, सेटिंगमध्ये माइक म्हणून वेबकॅमचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा.