बाजूने दिसला तरी आपला माणूस ओळखू कसा येतो?

स्टेशनवरच्या गर्दीत आपल्या माणसाचा अर्धाच चेहरा दिसला, तरी आपण लांबूनच हाक मारतो. पण कालच ओळख झालेल्या शेजारच्या काकू आज बाजारात बाजूने दिसल्या, तर ‘ह्या त्याच ना?’ असं वाटून आपण घुटमळतो. डोळे तेच, मेंदूही तोच. मग फरक कशाचा?

मेंदूतल्या पायऱ्या

चेहरा जरा वळला की नाक वेगळं दिसतं, एक कान लपतो, गालावरची सावली सरकते. चित्र बदलतं, तरी मेंदू माणूस तोच ठरवतो. हे कसं होतं, याचा शोध विनरिख फ्रायवाल्ड आणि डोरिस त्साओ या शास्त्रज्ञांनी माकडांच्या मेंदूत घेतला. २०१० साली त्यांनी दाखवलं, की हे काम टप्प्याटप्प्याने होतं. एका भागातल्या पेशी ठरावीक कोनातल्या चेहऱ्याला प्रतिसाद देतात. पुढच्या भागात डावी आणि उजवी बाजू सारखीच मानली जाते. त्याच्याही पुढच्या भागात, चेहरा कुठेही वळलेला असो, ‘हा तोच’ अशी ओळख पटते.

सरावाचा चेहरा, अनोळखी चेहरा

२०११ मध्ये ब्रिटनमध्ये एक मजेशीर प्रयोग झाला. लोकांना ४० फोटो देऊन सांगितलं, ‘एका व्यक्तीचे फोटो एका ढिगात ठेवा.’ फोटो होते नेदरलँड्समधल्या फक्त दोन प्रसिद्ध स्त्रियांचे. पण त्यांना न ओळखणाऱ्यांनी साधारण सात-आठ ढीग केले! नेदरलँड्सच्या लोकांनी मात्र जवळजवळ बिनचूक दोनच ढीग केले.

म्हणजे आपण सगळेच चेहरे ओळखण्यात पटाईत नसतो; आपण पटाईत असतो ते सरावाच्या चेहऱ्यांत. आईला आपण हसताना, रागावताना, समोरून, बाजूने, दिव्याच्या उजेडात असं हजारो वेळा पाहिलेलं असतं. अनोळखी माणसाच्या बाबतीत ही शिदोरी नसते.

अनुभवी माणसंही इथे चुकतात. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांची २०१४ साली चाचणी घेतली, तेव्हा समोरच्या व्यक्तीऐवजी दुसऱ्याचाच फोटो असूनही १०० पैकी सुमारे १४ वेळा त्यांनी तो ‘बरोबर’ ठरवला.

एकच फोटो पुरत नाही

जत्रेत किंवा स्टेशनवर मूल हरवलं, तर शोधणारे लोक अनोळखीच असतात. त्यांच्या हातात आपण बहुतेकदा एकच फोटो देतो, तोही जुना. म्हणून आजच एवढं करा:

- मुलांचे आणि घरातल्या वयस्कर मंडळींचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि थोडा चेहरा वळवलेला असे फोटो मोबाइलमध्ये एका जागी ठेवा.
- एक हसरा, एक साधा. चष्मा असेल तर चष्म्यासह आणि चष्म्याशिवाय.
- फिल्टर लावू नका.
- लहान मुलं भराभर बदलतात, त्यामुळे दर काही महिन्यांनी नवे फोटो काढा.
- गर्दीच्या ठिकाणी निघताना त्या दिवशीच्या कपड्यांत एक पूर्ण फोटो घ्या.
- मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा.

आपल्याला आपलं माणूस पाठमोरंही ओळखू येईल. पण त्याला शोधायला निघालेल्या परक्या माणसालाही तो चेहरा दोन-चार बाजूंनी बघायला मिळायला हवा.